कॉलनीतला चौक, 'थांबा'ची पाटी आणि सायकलवरची पोरं

कॉलनीतल्या प्रत्येक चौकात 'थांबा'ची पाटी लावा आणि न थांबणाऱ्या पोरांच्या सायकली जमा करा, अशी मागणी सध्या आपल्या गावातल्या ग्रुपांवर फिरतेय. नगरपालिकेला निवेदन द्यायचंही ठरतंय म्हणे. पाट्यांना माझा विरोध नाही. सायकली जमा करायला मात्र आहे, आणि तो का आहे ते सांगतो.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११९ नुसार वाहतुकीची चिन्हं पाळायची सक्ती आहे ती मोटार वाहन चालकावर. सायकल मोटार वाहनात मोडत नाही. म्हणजे सायकलवाल्याने वाट्टेल तसं जावं असं नाही, रस्त्यावर पोलिसाने हात दाखवला तर त्यालाही थांबावंच लागतं. पण ज्या पाटीचा पहिला धाक मोटारीला असायला हवा, तिचा पहिला बळी आठवीतलं पोरगं ठरणार असेल, तर आपण उलटीकडून सुरुवात करतोय.

आता साधं गणित. पोरगं ४० किलोचं, सायकल २० किलोची, वेग ताशी १२ किलोमीटर. समोरून १२०० किलोची कार ताशी ३६ ने येतेय. वजन २० पट, वेग ३ पट. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे हिशोब १८० पटींवर गेला. आणि कॉलनीत ताशी ३६ ला आपण 'हळू' म्हणतो! चौकात सायकल चुकली तर बहुतेक वेळा सायकलवाल्याचाच गुडघा फुटतो. कार चुकली तर घरचा माणूस जातो. दोघांना एकाच मापाने मोजणं हा न्याय नव्हे.

सायकलवाल्याला काचेची, खांबाची आड नसते. कानाला गाडीचा आवाज लागतो. उलट पाय टेकवून पूर्ण थांबलं की पाठीवरच्या दप्तरासकट पुन्हा पायडल मारताना सायकल डगमगते आणि चौक ओलांडायला जास्त वेळ लागतो.

हे आपल्याआधी दुसरीकडे लोकांनी तपासलंय. अमेरिकेत राहत्या वस्तीतल्या बऱ्याच नाक्यांवर लाल अष्टकोनी 'स्टॉप'ची पाटी असते आणि तिथे पूर्ण थांबावं लागतं. तिथल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलवाल्यांपुरता नियम बदलला: वेग कमी करा, कुणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्या, रस्ता मोकळा असेल तर न थांबता पुढे जा. सायकलवाल्यांच्या किरकोळ खटल्यांनी कोर्टाचा वेळ खाल्ला होता, हे त्यामागचं एक कारण. पुढे २०१७ मध्ये डेलावेअरने आणि त्यानंतर आणखी काही राज्यांनी तसेच कायदे केले. सगळ्यांनाच ते पटलं असंही नाही. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये विधेयक मंजूर होऊनही गव्हर्नरने नकाराधिकार वापरला.

आता काही जण म्हणतील, पोरं कुठे वेग कमी करतात? सुसाट येतात, तिघं तिघं आडवे चालतात, उलट्या बाजूने घुसतात. खरं आहे. त्यांना सांगायलाच हवं, घरीही आणि शाळेतही. सांगायचं ते एवढंच: गल्लीच्या चौकात हळू व्हा, दोन्हीकडे बघा, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आणि कॉलनीतून मेन रोडला लागताना मात्र पाय जमिनीला टेकलाच पाहिजे. तिथे ट्रक आणि एसटी आहेत, तिथे सूट नाही.

पण बघायचं म्हटलं तरी दिसतं का? आपल्या चौकांचे कोपरे बघा. एका कोपऱ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स, दुसऱ्यावर कंपाउंडबाहेर आलेली बोगनवेल, तिसऱ्यावर चार दिवस न हललेली कार. चौकाजवळ गाडी लावू नये हा नियम जुनाच आहे, पण तो मोठ्यांसाठी असल्याने त्याचं निवेदन कुणी काढत नाही.

खरी भीती मला पुढची आहे. सायकली जमा व्हायला लागल्या की पालक पोरांच्या हातात स्कूटर देतील. ते आताच सुरू झालंय, शाळेबाहेर उभं राहून मोजा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकीकडे सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देतंय, आणि आपण गावात त्या जमा करायची भाषा करतोय!

म्हणून निवेदन द्याच, पण त्यात हे लिहा: चौकातले फ्लेक्स काढा, कोपऱ्यावरच्या गाड्या हलवा, मेन रोडला मिळणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी 'थांबा'ची पाटी आणि पांढरा पट्टा द्या, गतिरोधकांना रंग मारा. सायकली जमा करायची ओळ तेवढी खोडा.

असं निवेदन असेल तर पहिली सही माझी. तुमच्या चौकात काय अडचण आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा, फोटो टाका. सगळं एकत्र करून मुख्याधिकाऱ्यांकडे घेऊन जाऊ.