फारकतीचा कागद आणि कोर्टाची नक्कल

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही चपला शोधत होतो. तेवढ्यात एक ताई आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आमच्यापुढे आल्या. जयभीम झाला. ताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर काढला व म्हणाल्या, "दादा, आमची फारकत झालीय. पेन्शन ऑफिसवाले म्हणतात कोर्टाचा दाखला आणा. तो कुठल्या खिडकीवर मिळतो, तेवढं सांगा."

कागद आम्ही उजेडात धरून वाचला. चौदा वर्षांपूर्वीचा होता. नवरा-बायकोच्या सह्या, दोन्हीकडच्या चार पंचांच्या सह्या व अंगठे, नोटरीचा तांबडा गोल शिक्का. मजकूर असा की, आजपासून उभयतांचा एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही व दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत. अक्षर सुरेख होते. लिहिणारा आमच्याच पेशातला कोणी कारकून असावा. ताईंचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. ते वारले, आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, त्यावर व ताईंच्या शिवणकामावर घर चालते. आईची तब्येत आता बरी नसते. आईच्या मागे हे पेन्शन आपल्याला लागेल, या भरवशावर ताई होत्या.

खिडकी कोणती सांगावी? जो दाखला त्या मागत होत्या तो कुठल्याच खिडकीवर नव्हता, कारण कोर्टात त्यांच्या नावाचा घटस्फोट झालेलाच नव्हता.

आपल्याकडे पंचांपुढे फारकत लिहून घेण्याची रीत जुनी आहे. भांडण मिटते, वकिलाचा खर्च वाचतो, चारचौघांत अब्रू राहते, म्हणून लोक तो मार्ग धरतात. त्यात पंचांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे त्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. या कायद्याप्रमाणे लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ ने रूढीप्रमाणे होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरे. पण २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अशी रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही, ती दाव्यात मांडून पुराव्याने सिद्ध करावी लागते. म्हणजे पंचांच्या कागदाच्या भरवशावर राहणाऱ्याला शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागतेच, आणि तीही संकट आल्यावर. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात स्त्रीला घटस्फोटाचा हक्क होता. तो हक्क आपण नोटरीच्या शिक्क्यावर का सोडून द्यावा?

नुसत्या स्टॅम्पपेपरवर दुसरे लग्न केले तर पहिले लग्न कायद्याने उभेच राहते व दुसरे रद्दबातल ठरते. पहिल्या बायकोने वा नवऱ्याने तक्रार केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. अशा लग्नाची मुले औरस धरतात, एवढे तरी कायद्याने राखले आहे. दुसऱ्या बायकोच्या हाती मात्र नवऱ्याच्या मागे फार थोडे राहते. गिरणीच्या, रेल्वेच्या, महापालिकेच्या कचेऱ्यांत अशा दोन-दोन बायका एकाच टेबलापुढे रडताना आम्ही नोकरीच्या काळात पाहिल्या आहेत.

आता ज्यांचा घटस्फोट खरोखर कोर्टात झाला आहे, पण कागद हाती नाही, त्यांच्याविषयी. अशांची संख्या कमी नाही. पहिली गोष्ट ध्यानात घ्या की, जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारखा घटस्फोटाचा दाखला महापालिका वा ग्रामपंचायत देत नाही. सगळ्या घटस्फोटांची एकत्र नोंदवहीही आपल्या देशात नाही. ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टात तो कागद असतो. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालय. कुटुंब न्यायालय सुरू होण्यापूर्वीचे असे दावे शहर दिवाणी न्यायालयात चालत. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कुटुंब न्यायालये आहेत. जिथे ती नाहीत तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टात चौकशी करावी. मुलगी मुंबईत राहते म्हणून कागद मुंबईत असेल असे नाही. लग्न गावी झाले असेल किंवा दोघे शेवटी नाशिकला एकत्र राहिले असतील, तर दावा तिकडेही लागलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट दाव्याचा नंबर. नंबर व साल असेल तर निम्मे काम झाले. समन्स, वकिलाची पावती, पोटगीचा आदेश, काहीही जुने सापडले तर त्यावर नंबर असतो. मुंबईच्या कुटुंब न्यायालयात नंबराच्या आधी अक्षर असते. घटस्फोटाच्या वादाच्या अर्जाला 'ए', परस्पर संमतीच्या घटस्फोटाला 'एफ', पोटगीच्या अर्जाला 'ई'. हे अक्षर नीट पाहा. 'ई' नंबरचा आदेश जपून ठेवून आपला घटस्फोट झाला असे समजणाऱ्या भगिनी आम्हाला भेटल्या आहेत. पोटगी मिळाली म्हणजे लग्न मोडले असे होत नाही.

आमच्या चाळीतल्या एका काकूंची हकीकत सांगतो. त्यांचा घटस्फोट १९९६ चा, पक्का, कोर्टातला. २६ जुलै २००५ च्या पुरात ट्रंकेसकट सगळे कागद गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना पुन्हा संसार मांडण्याचा योग आला आणि विवाह नोंदणीच्या वेळी हुकूमनामा मागितला. वकील हयात नव्हते. आम्ही मोबाइलवर ई-कोर्टचे अ‍ॅप उघडून पक्षकाराच्या नावाने शोधले. तिथे जिल्हा, कोर्ट, नाव व साल टाकले की दावा सापडतो, व प्रत्येक दाव्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांकही मिळतो. नव्या दाव्यांसाठी हे फार सोयीचे आहे. घरगुती दाव्यांचे निकाल मात्र तिथे सगळ्यांना वाचायला मिळतीलच असे नाही. काकूंचा दावा जुना, तो सापडला नाही. मग काकूंच्या बहिणीकडे पोटगी वसुलीचा एक जुना कागद मिळाला, त्यावर 'ई' नंबर होता. तो घेऊन आम्ही कोर्टात गेलो. तेथील कर्मचाऱ्याने साल व नावे धरून नोंदवह्या चाळल्या. पहिल्या दिवशी काही मिळाले नाही, कारण आम्ही काकूंचे माहेरचे नाव सांगत होतो. दाव्यात नाव सासरचे, तेही इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेले. चौथ्या खेपेला 'ए' नंबर हाती आला.

पुढे नकलेचा अर्ज. कोर्टात नक्कल विभाग असतो. अर्जात कोर्टाचे नाव, दाव्याचा नंबर, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख व कोणता कागद हवा ते लिहायचे, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, नकलेची फी भरायची, ओळखपत्र जोडायचे. दाव्यातल्या पक्षकाराला प्रमाणित नक्कल मागण्याचा हक्क आहे, कोणाच्या पाया पडण्याचे कारण नाही. आमची चूक मात्र कबूल करतो. इतकी वर्षे कारकुनी करून आम्ही काकूंच्या अर्जात 'निकालाची नक्कल' एवढेच लिहिले. त्यांना निकालपत्र मिळाले, हुकूमनामा मिळाला नाही, आणि पुन्हा अर्ज करावा लागला. न्यायाधीशांनी कारणे देऊन लिहितात ते निकालपत्र, आणि 'हा विवाह अमुक तारखेपासून विघटित झाला' असे थोडक्यात सांगणारा तो हुकूमनामा. दोन्ही मागा, प्रत्येकी दोन प्रती मागा. नक्कल हाती पडली की शिक्का, सही व तारखा तिथेच तपासा. तिची झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी ती प्रमाणित नक्कल नव्हे.

जुने दावे अभिलेख कक्षात जातात. तेथून कागद यायला दिवस लागतात, म्हणून लग्नाची तारीख धरून आठ दिवस आधी पळू नका. मुदत संपल्यावर दाव्यातले बरेच किरकोळ कागद नष्ट करतात. निकालपत्र व हुकूमनामा मात्र जपतात, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा आहे म्हणून आशा सोडू नये. काही शहाणे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिना घालवतात. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे.

आणखी एक, जे पुष्कळ वकीलसुद्धा सांगत नाहीत. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी, असे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येच आहे. ती प्रत निकालाच्या वेळीच मागून घ्या. तसेच निकाल लागला की लगेच दुसरे लग्न लावू नये. अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्यावी, आणि अपील झाले असेल तर त्याचा निकाल लागू द्यावा.

मुलीसाठी घटस्फोटित वर पाहत असाल तर हुकूमनामा मागायला लाजू नका. तुम्ही त्या दाव्यात त्रयस्थ, तुम्हाला नक्कल मागायची तर कारण दाखवून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्यापेक्षा मुलालाच स्वतःच्या नावाने नक्कल काढून आणायला सांगावे. जो खरा आहे तो आणतो.

हल्ली आपल्या मुलींना अमेरिकेतली स्थळेही येतात, तेव्हा तिकडचेही थोडे. तिथे घटस्फोट ज्या काउंटीत झाला त्या काउंटीच्या कोर्टाच्या क्लार्ककडे कागद असतो. त्या अधिकाऱ्याचे नाव राज्याराज्यांत वेगळे, मिसुरीत सर्किट क्लार्क, टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्क, न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लार्क. न्यूयॉर्कमध्ये तर ती फाईल पक्षकार वा त्यांचे वकील यांनाच पाहता येते. 'डिव्होर्स सर्टिफिकेट' म्हणून मिळणाऱ्या कागदावर बहुधा नावे, तारीख व ठिकाण एवढेच असते, अटी हुकूमनाम्यात असतात. म्हणून 'डिक्री'ची प्रमाणित प्रत मागावी, व तिच्यावर त्या राज्याच्या सचिवाचे अपॉस्टिल करून घ्यावे. २००५ पासून भारतात ते चालते. पण एवढ्यानेही निर्धास्त होऊ नका. १९७५ साली तिरुपतीला लग्न लागलेल्या एका गृहस्थाने मिसुरीतील सेंट लुई काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट आणला आणि १९८१ साली दुसरे लग्न केले. पहिल्या बायकोने इथे फौजदारी केली. त्याने काउंटीच्या हुकूमनाम्याची फोटोकॉपी पुढे केली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसती फोटोकॉपी पुरत नाही, शिवाय जे लग्न इथल्या कायद्याने लागले ते तिथे राहण्याच्या नावाखाली, इथल्या कायद्यात नसलेल्या कारणावर मोडलेले चालणार नाही. तेव्हा पहिले लग्न भारतात झाले असेल तर तो तिकडचा कागद आधी इथल्या वकिलाला दाखवा.

आता रविवारच्या ताईंकडे वळतो. त्यांच्याजवळ हुकूमनामा नाही, पण वेळ आहे. केंद्र सरकारने २०१७ साली असा आदेश काढला की, कर्मचारी वा त्यांचा जोडीदार हयात असताना मुलीने घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल केलेला असेल, तर हुकूमनामा त्यांच्या पश्चात झाला तरी तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मिळकतीची अट व इतर अटी आहेतच. म्हणजे आई आहे तोवर अर्ज दाखल होणे महत्त्वाचे. निकाल मागाहून लागला तरी चालेल. हे सांगितले तेव्हा ताई गप्प झाल्या. आईच म्हणाली, "मग उद्याच जाऊ की."

सोमवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघींबरोबर विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत गेलो. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत विचारत नाहीत. घटस्फोटाच्या व पोटगीच्या अर्जावर महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे. वकीलबाईंनी स्टॅम्पपेपर वाचला, दोघे इतकी वर्षे वेगळे राहिल्याचा पुरावा म्हणून तो जोडण्यासाठी ठेवून घेतला, आणि नवऱ्याची परस्पर संमती मिळते का ते विचारून यायला सांगितले. तो संमती देवो वा न देवो, अर्ज या महिन्यात दाखल करायचा असे ठरले आहे. दाखल झाल्या दिवशी त्याच्या नंबराची व पहिल्या पानाची प्रमाणित नक्कल मागायची आहे. त्या अर्जाचा मसुदा आम्ही लिहून ठेवला आहे. या खेपेस 'हुकूमनामा' हा शब्द नंतरच्या अर्जासाठी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ताईंच्या पिशवीत घातला.