संगणक मंदावला? आधी मोजा!

घराघरांतील संगणकांचा रिकामा वेळ मागून घ्यावा आणि त्यावर संशोधनातील प्रचंड आकडेमोड करावी, ही कल्पना आता चांगली रुजली आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ साली ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला. २०२० साली त्याने नवे काम वाटणे थांबविले. २००५ साली सुरू झालेला ‘आइन्स्टाइन ॲट होम’ मात्र चालू आहे. २०१० साली अमेरिकेतील एक दांपत्य आणि जर्मनीतील एक गृहस्थ यांच्या घरच्या संगणकांनी त्यात एक नवा पल्सार हुडकून काढला. लायगो वेधशाळांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरी शोधण्याचे कामही हा प्रकल्प करतो. अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली आहे. तेव्हा हे काम आपल्याला परके नाही.

विद्यार्थी मित्रहो, अशा प्रकल्पात हौसेने भाग घेणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते : “पाच तासांचे काम आमच्या संगणकाला दहा तास लागते; तो जुना झाला!” माझे मत असे की, हा निकाल देण्याची घाई करू नये. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण कारण शोधतो, तसेच ते येथेही शोधावे.

प्रथम आज्ञावलीतील सेटिंग पाहावे. प्रोसेसरचे किती कोर वापरावेत, किती टक्के वेळ वापरावा, आपण काम करीत असताना थांबावे की नाही, या मर्यादा तेथे ठरविलेल्या असतात. आपणच लगाम खेचला असेल, तर घोड्याला दोष का द्यावा?

मग दोन वेळा पडताळाव्यात. एक, घड्याळात गेलेला वेळ. दुसरी, प्रोसेसरने त्या कामाला प्रत्यक्ष दिलेला वेळ. समजा, घड्याळात दहा तास गेले आणि प्रोसेसरने चारच तास दिले. याचा अर्थ उरलेले सहा तास काम ताटकळत राहिले. ही कामे सर्वांत खालच्या अग्रक्रमाने चालतात. त्यामुळे दुसरी एखादी आज्ञावली प्रोसेसर अडवीत असेल, किंवा मेमरी अपुरी पडून संगणक डिस्ककडे धाव घेत असेल. डिस्क मेमरीपेक्षा फारच मंद असते.

दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या असूनही काम रेंगाळत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरला दिलेली वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. पंख्यात धूळ साठली किंवा लॅपटॉप गादीवर ठेवला की ही उष्णता बाहेर पडत नाही. तपमान वाढते आणि प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो. संगणक बंद करून धूळ झाडावी, तो कठीण पृष्ठभागावर ठेवावा आणि पुन्हा मोजावे. मात्र एका वेळी एकच बदल करावा. नाही तर गुण कशाचा हे कळणार नाही.

कधी कधी मंदपणा हा केवळ भास असतो. एका कोरवर एकच काम चार तासांत होते आणि दोन एकदम चालविल्यास दोन्ही सहा तासांत होतात, असे समजा. प्रत्येक काम लांबले. पण आठ तासांचे काम सहा तासांतच झाले!

या प्रकल्पांत कामाबद्दल गुण मिळतात आणि त्यांची चढाओढ लागते. ही चढाओढ मला पसंत नाही. प्रत्येक कामाला मुदत असते. ती टळली तर तेच काम दुसऱ्याकडे पाठविले जाते. म्हणून थोडे घ्यावे, पण वेळेत पुरे करावे. शिवाय वीज फुकट नाही. संगणकाने ५० वॅट जादा घेतले, तर २४ तासांत १.२ युनिट होतात, महिन्याला ३६. हे बिल घरातील वडीलधारी माणसे भरतात. त्यांना विचारूनच भाग घ्यावा.

शिक्षकांना माझी सूचना आहे की, शाळेतील एखादा मंद संगणक मोडीत काढण्यापूर्वी आठवडाभर मुलांच्या हाती द्यावा. सेटिंग, दोन्ही वेळा, तपमान आणि वीज यांच्या नोंदी त्यांनी प्रयोगवहीत कराव्यात. अखेरीस तो खरोखरच निकामी ठरला, तरी हरकत नाही. ‘मला वाटते’ आणि ‘मी मोजले’ यांतील अंतर मुलांना समजले, तर तो आठवडा सत्कारणी लागला असे मी म्हणेन.