छातीतलं पाणी काढायला परळ कशाला?

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, रायगड
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, रायगड जिल्हा परिषद
आणि कर्जत-खालापूरचे सर्व लोकप्रतिनिधी

महोदय,

कॅन्सर बरा करा, अशी मागणी या पत्रात नाही. पार पुढे गेलेला आजार कर्जतला बरा होणार नाही आणि परळच्या टाटा रुग्णालयातही नाही, हे घरच्यांना एव्हाना कळून चुकलेलं असतं. मागणी एवढीच, की छातीत पाणी साठून माणूस गुदमरत असेल, तर ते काढायची सोय तालुक्यात असावी.

आमच्या शेजारच्या वाडीत एक ताई होत्या. स्तनाचा कॅन्सर फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचलेला. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून रात्री बसून काढायच्या. पुढ्यात धान्याचा पत्र्याचा डबा, त्यावर दोन उशा, उशांवर कपाळ. तीन शब्द बोलल्या की धाप. एका दवाखान्यात एक्स-रे निघाला आणि ‘मुंबईला न्या’ अशी चिठ्ठी हातात पडली. मग रिक्षा, पहाटेची लोकल, दादरच्या गर्दीतून परळ, ओपीडीची रांग. खोपोलीकडच्या माणसाला तर अनेकदा आधी कर्जतला गाडीही बदलावी लागते. प्रत्यक्ष पाणी काढायला लागतो अर्धा-पाऊण तास. त्यापायी घरातल्या दोघांची मजुरी बुडते. आणि पाणी बहुतेकदा काही दिवसांत, नाहीतर काही आठवड्यांत, पुन्हा भरतं.

हे काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीवर जागा बघून, तिथे भूल देऊन, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने सुई किंवा बारीक नळी आत घालावी लागते. एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे जात नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो. फुप्फुसाला सुई लागू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. पण सिझेरियन करता येतं अशा तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांना शिकवून हे करता येणार नाही, असं कोणी सांगू नये. सोनोग्राफीचं यंत्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे खांद्याला अडकवून वाडीवर नेता येत नाही, तेव्हा हे रुग्णालयातच व्हायला हवं. आणि ते रुग्णालय जवळचं हवं.

लोक म्हणतात, पाणी काढलं की माणूस टिकत नाही. खरं तर कॅन्सरने पाणी भरण्याची वेळ येते तेव्हा बहुतेकदा आजारच शेवटाकडे गेलेला असतो. नळीवर उगाच आळ येतो. दुसरीकडे, छातीत पाणी म्हटलं की टीबी, हा समजही पक्का आहे. टीबीने पाणी होतंच. पण काढलेलं पाणी पेशींच्या तपासणीला न पाठवता नुसत्या गोळ्या सुरू झाल्या, तर कॅन्सरच्या रुग्णाचे मोलाचे महिने हातचे जातात.

पुन:पुन्हा टोचणं टाळायचं तर छातीत कायमची बारीक नळी ठेवता येते. तिला एकदिशा झडप असते, आणि घरच्या माणसाला किंवा नर्सला ती उघडून पाणी काढता येतं. ब्रिटनमध्ये १०६ रुग्णांवर झालेल्या टाइम-२ या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात राहून टाल्क पावडरने आवरणं चिकटवण्याइतकाच आराम या घरच्या नळीने मिळाला आणि सुरुवातीचा मुक्काम वाचला. नळीचे त्रास मात्र जास्त निघाले, हेही खरं. आपल्याकडे तिचा खर्चच गरिबाला झेपत नाही. तो सरकारी योजनेतून व्हावा.

धोरणाची अडचण तर मुळीच नाही. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, कार्यक्रम २०१२चा आहे. धाप कमी करायला थोडा मॉर्फिनही उपयोगी पडतो, आणि मान्यताप्राप्त संस्थांना तो ठेवणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये बदलला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर छापलेली आहे. फलक लागले, रंगही दिला.

यावर खालापूर तालुक्यातल्या तांबाटीचं नाव निघेल. तिथे टाटा मेमोरियल सेंटरला रुग्णालयासाठी सरकारने जागा दिली, त्याचं स्वागतच आहे. पण ते कितीही मोठं झालं, तरी कशेळ्यापलीकडच्या वाडीतला माणूस पुन:पुन्हा पाणी काढायला तिथवर जाणार नाही.

म्हणून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक वार या कामाला द्या. दोन डॉक्टर आणि दोन नर्स टाटाकडून शिकवून आणा. घरी जाणाऱ्या नर्सला गाडी द्या, आणि काढलेल्या पाण्याचा नमुना तपासणीला पोचवण्याची जबाबदारी एका नावावर टाका. वार ठरला की आशाताईंना कळवा. वाडीवाडीत निरोप त्या पोचवतील.

आपला,
कर्जत तालुक्यातील एक रहिवासी