मोजदाद सत्रांची, माणसांची नव्हे

मूत्रपिंडे निकामी झालेल्या वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला आपली व्यवस्था दोनच गोष्टी देऊ करते: डायलिसिसचे यंत्र आणि धीर धरण्याचा उपदेश. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली, दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हा उपचार विनामूल्य झाला. हे काम लहान नाही. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारणही नाही. परंतु खाजगी भागीदाराला पैसे मिळतात ते दर सत्रामागे. म्हणून सत्र मोजले जाते. सत्र संपल्यावर गळून गेलेला तरुण कोणाच्याच हिशेबात नसतो.

त्याचा आठवडा पाहावा. दोन-तीन वेळा प्रत्येकी चार तास यंत्राला जखडून राहायचे. जाण्यायेण्याचा वेळ निराळाच. पाणी मोजून प्यायचे, केळे-शहाळे वर्ज्य, हातावरची फुगलेली शीर बाहीखाली लपवायची. महाविद्यालयात हजेरी भरत नाही, रोजंदारी बुडते, लग्नाची बोलणी मोडतात. अशा वेळी नैराश्य आले, तर त्याचे मन दुबळे आहे असे म्हणणे ही समाजाने स्वतःची करून घेतलेली सोयीस्कर सुटका होय.

प्रत्यारोपणाने हे सारे सुटेल, असे कोणी म्हणेल. प्रत्यारोपण श्रेयस्कर खरेच. पण औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि अवयव नाकारला जाण्याची धास्ती सुटत नाही. शिवाय आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत, तर अवयव मिळणाऱ्यांत पुरुष. आजारी मुलीच्या मनावर याचा कोणता ठसा उमटत असेल?

2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला. मग किती डायलिसिस कक्षांत समुपदेशक बसतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मान्य केले. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, मूत्रपिंडाचा दीर्घ विकार नाही. ही यादी केंद्र सरकारला अधिसूचनेने वाढवता येते. अडसर कायद्याचा नाही, इच्छेचा आहे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात: यादीत समावेश, प्रत्येक कक्षात समुपदेशक, शिकणाऱ्या व राबणाऱ्या तरुणांसाठी संध्याकाळची व रात्रीची पाळी. आणि मागणीपूर्वी कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयातील डायलिसिस कक्षात एक सकाळ बसावे. तपासणीचे आकडे डॉक्टर विचारतीलच. ‘तुझे शिक्षण कुठवर आले?’ हे आपण विचारावे. लढ्याची सुरुवात त्या उत्तरापासून होईल.