दवाखान्याचा नकाशा आपणही पाहू या

बुद्धपौर्णिमेच्या सुमारास जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याखाली राहणाऱ्या आपल्या माणसांना तापलेले छप्पर काय करते, हे सांगायला नको. सिमेंटचा स्लॅबही दिवसभराची उष्णता रात्री खाली सोडतो. त्याच स्लॅबखाली बाळंतिणींचा वॉर्ड असेल तर?

अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेची भीषण लाट आली. तिथल्या महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर होता. उन्हाने ताप चढलेली नवजात बाळे अतिदक्षता विभागात हलवावी लागली. पुढे वॉर्ड तळमजल्यावर आणला. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत अशी बाळे बरीच कमी झाली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मजला बदलल्याने एवढा फरक पडला.

"एसी बसवला की झाले," असे पुढारी म्हणतात. शस्त्रक्रियागृहाला, अतिदक्षता विभागाला एसी लागतोच. पण साध्या वॉर्डात एसीसाठी खिडक्या बंद केल्या, तर क्षयरोग्याच्या खोकल्यातले जंतू त्याच हवेत फिरत राहतात. वीज गेली की खोली भट्टी होते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर कमी विजेत चालतो आणि बाहेरची ताजी हवा आत घेतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीचे छत ऊन अडवत असे. ही समज आपल्याकडे होतीच.

म्हणून वस्तीत नवा दवाखाना मंजूर झाला, की केवळ उद्घाटनाला जाऊ नका. आधी नकाशा मागा. न दिल्यास माहिती अधिकारात अर्ज करा. चार प्रश्न विचारा: बाळंतिणींचा वॉर्ड कोणत्या मजल्यावर? खिडक्या समोरासमोर आहेत का? पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का? वीज गेली तर पंखे आणि लसींचा फ्रिज सौरऊर्जेवर चालेल का?

जुन्या इमारतीच्या गच्चीला होळीपूर्वी पांढरा चुना मारावा, अशीही मागणी करू या. आपल्या विहाराच्या गच्चीपासून आपणच सुरुवात करू.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. खाजगी रुग्णालय परवडणाऱ्यांना पर्याय आहे. आपल्या लेकी-सुनांची बाळंतपणे सरकारी दवाखान्यातच होतात. तिथले छप्पर कसे असावे, हे आपण विचारलेच पाहिजे.