आमच्या सिहोऱ्यात रेल्वे नाही, पण एक पोरगा ती बांधून राहिला आहे

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो. थोडं लांब आहे, सवडीनं वाचा.

गेल्या महिन्यात गावातल्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, तुमी पेपरवाले मानसं. आमच्या पोट्ट्याले जरा समजावा ना. दिवसभर दुकानात जाते अन् रातभर कंप्युटरवर रेल्वे चालवते. बावीस वर्साचा झाला, आता का लहान हाय का?"

समजवायला म्हणून गेलो. पोरगा आयटीआय झालेला, दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. खोलीत एक जुना, सेकंडहँड कंप्युटर. स्क्रीनवर बघतो तर काय, आपलं तुमसर रोड! देव्हाडीचं तेच स्टेशन, तोच पादचारी पूल, प्लॅटफॉर्मच्या टोकाचं तेच झाड. मी खुर्ची ओढून बसलो. पोरानं डोंगरी बुजुर्गवरून मँगनीज भरलेली मालगाडी काढली अन् तुमसरकडं निघाला. फाटकाच्या अलीकडं 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी आली, त्यानं हॉर्न दिला. पुढं सिग्नलवर दोन पिवळे दिसले, त्यानं वेग उतरवायला सुरुवात केली. मी म्हटलं, अजून तर स्टेशन दूर आहे. तो म्हणाला, "काका, भरलेली गाडी हाय. आत्ता ब्रेक धरला तर तिथं जाऊन थांबन."

तासभर बसलो. समजवायचं राहूनच गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. याला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. यात मारामारी नाही, शत्रू नाही, शेवटी जिंकणंही नाही. वेळापत्रक सांभाळायचं, सिग्नल पाळायचा, चढावर गाडी ओढायची, उतारावर आवरायची. ब्रेकच्या नळीतली हवा उतरायला अन् पुन्हा भरायला वेळ लागतो, तोसुद्धा हिशेबात धरावा लागतो. एवढा संथ खेळ कोण खेळत असेल असं वाटेल. पण खेळणारे जगभर आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. थोडे आहेत, पण पक्के आहेत.

आणि यातला मोठा भाग खेळण्याचा नाहीच, बांधण्याचा आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टनं आपला ट्रेन सिम्युलेटर बाजारात आणला. त्यात सहा मार्ग होते: अमेरिकेतले, इंग्लंडमधला, ऑस्ट्रियातला, जपानमधले. भारतातला एकही नव्हता. पण त्या डिस्कमध्येच नवीन मार्ग बनवायची सोय दिलेली होती. झालं! आपल्याकडच्या हौशी पोरांनी डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन बनवलं, निळे डबे बनवले, स्टेशनं उभी केली. पगार नाही, कंपनी नाही. कुणी कॉलेजचा विद्यार्थी, कुणी बँकेतला बाबू. एकानं डबा बनवायचा, दुसऱ्यानं आवाज भरायचा, तिसऱ्यानं चालवून चुका काढायच्या.

आमचा हा पोरगा तुमसर रोड ते तिरोडी हा मार्ग असाच बांधत होता. सॅटेलाइटच्या नकाशावरून रूळ आखले. मग सुटीच्या दिवशी मोटारसायकलनं तुमसर टाउन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग असं फिरून रस्त्यावरून, फाटकावरून जे दिसेल ते वहीत उतरवलं. फाटकाच्या चौकीला कोणता रंग आहे, पळसाची झाडं कुठं दाट आहेत, मँगनीजच्या धुळीनं माती कुठून काळपट दिसायला लागते. ती वही मी पाहिली. मंडळी, वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतो, पण इतक्या बारकाईनं नोंदी मी स्वतः कधी ठेवल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, सिहोऱ्याचा अन् रेल्वेचा संबंध काय? आपल्याला गाडी पकडायची तर एसटीनं तुमसर, तिथून पुन्हा तुमसर रोड. पण संबंध आहे. नागपूरकडून रूळ तुमसरपर्यंत आले १८८० साली, म्हणजे आपल्या तालुक्याला रेल्वे मिळून एकशे चाळीसच्या वर वर्षं झाली. मँगनीजसाठी तिरोडीची शाखा निघाली. चिखला, डोंगरीच्या खाणींतला माल याच रुळांवरून बाहेर गेला. कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. एवढ्या मोठ्या गोष्टीचा आपल्या गावागावांत काय पुरावा आहे? कुणाच्या पेटीत एखादा फोटो असला तर असला.

माझीच गोष्ट सांगतो. नागपुरात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा इतवारीवरून नागभीडच्या छोट्या गाडीत बसून उमरेड, भिवापूर, आपलं पवनी रोड असा कितीदा गेलो. अडीच फुटी रूळ, खेळण्यासारखे डबे. उतारू दारात पाय सोडून बसायचे. बातमीदार व्हायला निघालेला माणूस, पण मी एक फोटो काढला नाही. वाटलं, गाडी काय, उद्याही आहेच. २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली. त्याआधी २०१५ मध्ये जबलपूर–नैनपूरची छोटी गाडी गेली. ब्रॉडगेज यायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आज माझ्या मुलीला 'ती गाडी कशी होती' हे दाखवायचं म्हटलं तर मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नेऊन उभं इंजिन दाखवता येतं. चालती गाडी, वळणावरून दिसणारं स्टेशन, चढावर दमलेलं इंजिन, हे कुठं दाखवू?

हे दाखवायची सोय या खेळात आहे. म्हणून मला हा विषय सार्वजनिक वाटतो. रेल्वे लोकांच्या पैशानं चालते, आपल्या जमिनीवरून जाते. तिची आठवण ठेवणं हे नुसतं पोरखेळाचं काम नाही. आज मात्र ते पोरंच करून राहिली आहेत.

आता मूळ प्रश्न. हे टिकणार का?

धंद्याच्या अंगानं बघितलं तर अवघड आहे. मायक्रोसॉफ्टनं पुढचा भाग काढायचं ठरवलं होतं, २००९ मध्ये तो स्टुडिओच बंद केला. जुना खेळ अनाथ झाला. मग काही स्वयंसेवकांनी मिळून 'ओपन रेल्स' नावाचं फुकट सॉफ्टवेअर बनवलं, त्यावर ते जुने मार्ग अन् जुनी इंजिनं पुन्हा धावू लागली. २०१५ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. आमचा पोरगा त्यावरच काम करतो. कंपनीनं सोडलेली गाडी लोकांनी ओढली, असंच म्हणा ना.

आजही 'ट्रेन सिम वर्ल्ड'सारखे नवे खेळ निघतात, दिसायला फार सुंदर. पण त्याला महागडा कंप्युटर लागतो, आणि ते बनवणाऱ्या कंपन्या गिऱ्हाईक जिथं आहे तिथलेच मार्ग आधी बनवणार. तुमसर–तिरोडी कोणती कंपनी बनवेल? दुसरीकडं मोबाइलवर फुकटचे खेळ आहेत. पोरं ते पटकन उतरवून घेतात. पण त्यातल्या बऱ्याच खेळांत स्टेशन एकच, पाटीवरचं नाव तेवढं बदललेलं. भंडारा रोड काय अन् भुसावळ काय, सगळं सारखंच.

म्हणजे आपल्या भागातला मार्ग बनला तर तो आपल्याच माणसाकडून बनणार. आणि नेमकं तिथंच या मंडळींचं घोडं पेंड खातं.

पोरानं सांगितलेली गोष्ट ऐका. त्यानं चार महिने खपून एक डबा बनवला अन् सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. काही दिवसांनी तोच डबा कुण्या तिऱ्हाइताच्या मोबाइल खेळात दिसला. वर जाहिराती, खाली याचं नावसुद्धा नाही. तक्रार केली, उत्तर आलं नाही. पोरगा चिडला. म्हणाला, आता कोणालेच काही द्यायचं नाही. सगळ्या फायली कुलूपबंद केल्या. त्याच्यासारखे बरेच जण हेच करतात. चोरी होते म्हणून लपवतात, आणि लपवलं की नवीन पोरांना शिकायला काही मिळत नाही. जुने हळूहळू नोकरी, लग्न, लेकरांत अडकतात. कुणी कायमचा जातो, त्याचा पासवर्डही त्याच्यासोबत जातो.

यंदाच्या पावसाळ्यात याची हार्ड डिस्क गेली. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि डिस्क उठलीच नाही. दोन वर्षांचं काम त्यात होतं. घरात तीन दिवस हा कोणाशी बोलला नाही. काकांना वाटलं, खेळ बंद पडला म्हणून तोंड पाडून बसला.

पुढं काय झालं? कुलूप लावायच्या आधी त्यानं गोबरवाहीपर्यंतचा मार्ग तपासायला म्हणून कल्याणच्या एका मित्राला पाठवला होता. दोघांची आजवर भेट नाही. त्या मित्राकडं ती प्रत तशीच होती, त्यानं त्याच रात्री परत पाठवली. जे दिलं होतं तेवढंच वाचलं. जे झाकून ठेवलं होतं ते गेलं. गोबरवाहीच्या पुढचं तो आता वहीवरून पुन्हा बांधतो आहे.

माझं मत या गोष्टीतूनच बनलं आहे. या छंदाला खरा धोका खेळणारे कमी होण्याचा नाही. दहा जण असले तरी चालतं, पण दहांचं काम दहा घरांत कोंडून राहिलं तर चालत नाही. चोरीचा राग खरा आहे, त्यात पोरांची चूक काहीच नाही. तरी उपाय कुलूप नव्हे. कामावर बनवणाऱ्याचं नाव ठळक टाका, 'धंद्यासाठी वापरायचं नाही' असं लिहा, आणि प्रत किमान दोन दुसऱ्या गावांतल्या माणसांकडं ठेवा. आपण थांबलो तर पुढं कोण चालवणार, हेही लिहून ठेवा. याउपर कुणी चोरलंच, तर निदान मूळ कोणाचं हे सांगणारे चार साक्षीदार राहतील.

रेल्वेकडूनही एक अपेक्षा आहे. जपानमध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं २०२२ पासून स्वतःच ट्रेन सिम्युलेटर विकायला काढला, आपल्याच मार्गावर गाडीतून घेतलेलं चित्रीकरण वापरून. आपल्या रेल्वेनं खेळ विकावा असं मी म्हणत नाही. चालू मार्गांची सुरक्षेची माहितीही कोणी मागत नाही. पण जे मार्ग उखडून झाले, त्यांचे जुने नकाशे, स्टेशनांची रेखाचित्रं, चढउताराचे तक्ते अभ्यासूंना बघायला मिळाले तर कुणाचं काय बिघडतं? कपाटात वाळवी लागण्यापेक्षा बरं.

मला माहीत आहे, खाली कोणी लिहीलच: "भाऊ, धानाच्या बोनसचं लिहा, खड्ड्यांचं लिहा, हे काय रेल्वेचे खेळ?" लिहितो की! मागच्या आठवड्यात खड्ड्यांचंच लिहिलं होतं. पण गावात एक पोरगा पदरचे पैसे घालून तालुक्याचा इतिहास उभा करत असेल, आणि आपण त्याला रिकामटेकडा म्हणत असू, तर तेही बातमीदारानं सांगायलाच पाहिजे.

शेवटचं काकांबद्दल. निघताना अंगणात म्हणाले, "याले रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं होतं भाऊ. मंग दहावीत चष्मा लागला." सहायक लोको पायलटला डोळ्यांची ए-१ तपासणी असते, त्यात चष्मा चालत नाही. २०२४ च्या भरतीत जागा आधी ५,६९६ होत्या, पुढं त्या १८,७९९ झाल्या. याच्या सोबतच्या पोरांनी फॉर्म भरले. यानं भरला नाही. मी काकांना म्हटलं, कंप्युटरनं त्याची नोकरी खाल्ली नाही, आणि कंप्युटरवर गाडी चालवून कोणी लोको पायलटही होत नाही, हे दोन्ही खरं आहे. पण जे त्याला मिळणार नव्हतं त्यावर रडत बसण्यापेक्षा त्यानं ते आपल्या हातानं बांधायला घेतलं. त्याला रात्री अकरानंतर झोपायला सांगा, तेवढं मी तुमच्या बाजूनं बोलतो. बाकी करू द्या.

काका काही बोलले नाहीत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "त्याले म्हनलो, तिरोडीची गाडी आमच्या वेळेस कशी होती ते मले इचार. मी बसलो हाय त्याच्यात." बापलेक आता रात्री नऊ ते अकरा सोबत बसतात म्हणे. म्हातारा सांगतो, पोरगा बांधतो.

तर मंडळी, आता काम तुमचं. तुमसर रोड, तुमसर टाउन, गोबरवाही, डोंगरी, तिरोडी, किंवा नागभीडच्या छोट्या गाडीचे जुने फोटो कोणाकडं असतील, लग्नाच्या वरातीतला, शाळेच्या सहलीतला, मागं स्टेशन दिसतं असा कसाही चालेल, तर मला मेसेज करा. फोटो मागत नाही, मोबाइलवर प्रत काढून जागेवरच परत देतो. घरात रेल्वेतून किंवा खाणीतून निवृत्त झालेलं कोणी असेल तर सांगा, मी पोराला घेऊन येतो. आधी चहा ठेवा, बसायला वेळ लागेल.