आधी कोपरे, मग चढाई

प्रो कबड्डीच्या लिलावाची तारीख जाहीर झाली, की परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या चहाच्या हॉटेलांत आणि मोंढ्यावर माल उतरवून काट्याची वाट पाहत बसलेल्या मंडळींत जो वाद सुरू होतो, तो यू मुम्बाने या खेपेस कोणाला घ्यावे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो. ज्या संघाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम सामना गाठला आणि २०१५ साली अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली विजेतेपदही मिळवले, तोच संघ आठव्या हंगामात दहावा, नवव्यात नववा आणि दहाव्यात पुन्हा दहावा यावा, ही गोष्ट हुतुतूच्या जमान्यापासून या खेळावर जीव टाकणाऱ्या आमच्या भागातील रसिकांच्या मनाला लागून राहिली आहे; अकराव्या हंगामात तो पाचव्या स्थानापर्यंत वर आला, तरी ते शल्य अद्याप गेलेले नाही.

वादातील प्रबळ पक्ष असा, की खालावलेल्या संघाने आपल्या थैलीचा मोठा हिस्सा एका नामांकित चढाईपटूवर खर्ची घालावा. "काका, एक वाघ आणा, बाकीचे आपोआप खेळतेत," हे त्या पक्षाचे म्हणणे. ते सकृद्दर्शनी ग्राह्य वाटते, यात शंका नाही. कारण तीस सेकंदांच्या एका चढाईत तीन गडी टिपून सामन्याचे पारडे फिरवणारा खेळाडू आपण सर्वांनी पाहिला आहे, आणि हरत्या संघाच्या रसिकाला तशा एखाद्या खेळाडूची आस लागावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

परंतु जमाखर्चाचा कागद पुढे ठेवला, की हा पक्ष टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला पाच कोटींची मर्यादा होती. तेलुगू टायटन्सने त्यांपैकी दोन कोटी साठ लाख पन्नास हजार रुपये पवन सेहरावत या एका चढाईपटूवर लावले आणि उरलेल्या सुमारे दोन कोटी चाळीस लाखांत सगळ्या संघाची तरतूद केली. पवन पूर्ण जोमाने खेळला. त्याच्या कर्तृत्वात कोठे न्यून काढण्याजोगे नव्हते. तथापि बावीस सामन्यांत संघाला विजय मिळाले दोन, आणि स्थान मिळाले शेवटचे. याच संघाने सातव्या हंगामात आपल्या कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला एक कोटी पंचेचाळीस लाख देऊन घेतले होते. सिद्धार्थने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले, आणि संघ अकरावा आला. याच्या उलट, नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवनलाच दोन कोटी सव्वीस लाखांना घेतले, तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामभर बाहेर बसला, आणि नरेंदर या नवख्या चढाईपटूच्या व तरुण बचावफळीच्या बळावर त्या संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली.

असे का घडते, याचे कारण खेळाच्या नियमांतच आहे, आणि वाघाची मागणी करणाऱ्यांनी नेमका त्याचाच विचार केलेला नसतो. बाद झालेला चढाईपटू आपल्या पराक्रमाने परत येत नाही. सहकाऱ्यांनी गुण मिळवला तरच तो जिवंत होऊन मैदानात उतरतो. प्रतिपक्ष सगळा डाव त्या एकाच्या पकडीवर रचतो. आणि ज्या संघाचा बचाव दुबळा, त्या संघाचा सर्वांत महागडा गडी सर्वांत जास्त वेळ बाकावर बसून राहतो. म्हणजे थैली जितकी एका नावावर रिती करावी, तितका त्या नावाचा उपयोगही घटत जातो.

यावर असा आक्षेप येतो, की पुणेरी पलटणने तरी दहाव्या हंगामात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर दोन कोटी पस्तीस लाख लावलेच ना, आणि ते विजेते झालेच ना? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर तपशिलाने दिले पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि त्याच्या जोडीचा मोहित गोयत हे पलटणमध्ये आठव्या हंगामात आले, ते मोठ्या बोलीचे मानकरी म्हणून नव्हे, तर नवखे तरुण म्हणून. त्या वर्षी संघ सहावा आला, पुढच्या वर्षी उपविजेता ठरला, आणि शादलूई आला तो त्यानंतर, उभ्या राहिलेल्या संघात उणीव होती तेवढी भरून काढायला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवले, तेव्हा कर्णधार अस्लमच होता. पुढे शादलूई हरियाणात गेला आणि हरियाणाने अकरावा हंगाम जिंकला. पण हरियाणाही आदल्या वर्षीचाच उपविजेता होता, हे विसरून कसे चालेल? त्याच अकराव्या हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि पलटण आठव्या स्थानी घसरली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु बाराव्या हंगामात तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात उभा होता. पाया भक्कम असला, म्हणजे एखाद्या वर्षाची पडझड भरून येते.

शिकलेल्या मुलांपैकी काही जण अमेरिकी फुटबॉलचा दाखला देतात. तेथे १९३६ पासून सर्वांत दुबळ्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड करण्याचा हक्क आहे, म्हणून तळाशी राहण्यातही लाभ असतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्या लिलावात बोलीची मर्यादा सर्वांना सारखी आणि तळाच्या संघाला कोणताही अग्रहक्क नाही; तेव्हा हा दाखला येथे रुजू होत नाही.

राहिला तो पक्ष मला सर्वांत जवळचा आहे, आणि म्हणूनच त्याचे खंडन करणे जड जाते: महाराष्ट्राच्या संघाने मराठी मुलेच घ्यावीत, हा तो पक्ष. भावना शुद्ध आहे. पण यू मुम्बाचे वैभव ज्या कोपऱ्यांवर उभे होते, ते सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर दोघेही महाराष्ट्राबाहेरचे होते. त्यांचे महत्त्व प्रांतात नव्हते, जोडीत होते. डाव्या कोपऱ्याने चढाईपटूचा घोटा धरला, की शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच क्षणी अंगावर झेप घेऊन त्याची मधल्या रेषेकडची वाट बंद करायची असते. अर्धा क्षण उशीर झाला, तर चढाईपटू धरणाऱ्यालाच ओढीत रेषा गाठतो आणि एका गुणाच्या जागी दोन गुण देऊन बसावे लागते. ही उमज डोळ्यांच्या इशाऱ्याची असते, आणि ती हंगामामागून हंगाम एकत्र घाम गाळल्याखेरीज येत नाही. लिलावाच्या एका दिवसात ती विकत मिळत नाही. नव्या बैलाला जुन्या जोडीदारासंगे तिफणीला जुंपून तास सरळ येईपर्यंत किती धीर धरावा लागतो, हे आमच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तेव्हा आमची दरखास्त अशी आहे. यू मुम्बाने लिलावात प्रथम दोन कोपरे आणि एक मध्यरक्षक निश्चित करावेत, आणि त्यांना निदान तीन हंगामांची मुदत द्यावी, मग मधले एक वर्ष कितीही वाईट जावो. ऑगस्ट २०२४ मध्ये या संघाने सुनीलकुमार या बचावपटूवर एक कोटी दीड लाख लावून त्याच्याकडे कर्णधारपद सोपवले. मोठी रक्कम द्यायचीच झाली, तर ती अशा जागी द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. चढाईसाठी दोन-तीन तरुण मध्यम बोलीत घ्यावेत आणि त्यांना चुकण्याची मुभा द्यावी. नामांकित चढाईपटूचा विचार करायचा तो संघ एकदा उपांत्य फेरीत पोहोचल्यावर.

आणि नव्या तरुणांचा शोध मुंबई-पुण्यापुरता मर्यादित ठेवू नये. परभणी, हिंगोली, नांदेडच्या कुमार गटातली मुले गावोगावच्या स्पर्धांत मातीवर खेळतात. मॅटवर खेळण्याची संधी त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मिळते. संघाच्या प्रशिक्षकांनी वर्षातून एक निवड चाचणी परभणीत मॅट अंथरून घ्यावी, आणि तिची सूचना तालुक्याच्या क्रीडा मंडळांपर्यंत महिनाभर आधी पोहोचेल, अशी व्यवस्था करावी.